ग्रंथांतील कोळी व घरांतील कोळी

एखाद्या प्राण्याचें नांव वाङ्मयांत वारंवार आलें म्हणजे त्या प्राण्याशीं लेखकांचा परिचय दाट असला पाहिजे, असा समज सहज होतो. हा समज फार वेळ टिकत नाहीं. आमच्या काव्यांत सिंह किती आले आहेत याची गणती नाहीं. पण त्यांतील बहुतेक कवींनीं सिंह पाहिला नसावा, व काव्याचें त्यावांचून फारसें अडलेंही नाहीं. कोळ्याची गोष्ट निराळी व अधिक विचार करण्यासारखी आहे. सिंह पाहावयास रानांत जावें लागतें. कोळी लेखकाच्या डोक्यावरच, ज्या खोलींत बसून तो लिहितो त्याच खोलीच्या आढ्याला असतो. उपनिषदांपासून शाळेच्या वाचनपुस्तकापर्यंत त्यानें सर्वत्र शिरकाव करून घेतला आहे; आणि तरीही ज्यांनीं त्याच्याविषयीं लिहिलें त्यांपैकीं मान वर करून त्याच्याकडे पाहणारे थोडेच निघतात. त्या थोड्यांचा व इतर पुष्कळांचा हिशेब येथें करून पाहण्याचा आमचा विचार आहे. ग्रंथाची परीक्षा ग्रंथानेंच करण्याची टीकाकारांची रीत आहे. आम्ही घरांतील कोळी हाच साक्षीदार धरला आहे.

साक्षीदाराची ओळख प्रथम करून दिली पाहिजे, कारण ‘कोळी’ या एका शब्दाखालीं आपण निदान चार निराळ्या स्वभावांचे शेजारी कोंबले आहेत. छताच्या कोपऱ्यांत केंसासारख्या लांब पायांवर उलटा लोंबणारा जो कृश कोळी दिसतो, त्याला बोट लावलें कीं तो आपल्या विस्कळित जाळ्यासह इतक्या वेगानें हिसके देऊं लागतो कीं, त्याची आकृति अंधुक होऊन दिसेनाशी होते. त्याची मादी आपलीं अंडीं दोनचार धाग्यांनीं बांधून जबड्यांत धरून ठेवते. दिवाळीपूर्वीं कुंच्यानें आपण जीं जळमटें काढतों तीं बहुधा याचींच, सोडून दिलेलीं व धुळीनें जड झालेलीं. रात्रीं न्हाणीघरांत दिवा लावतांच भिंतीवर चपटा, तपकिरी, पाय पसरले असतां दहाबारा सेंटिमीटर भरणारा जो कोळी दिसून घरांत आरडाओरडा होतो, तो शिकारीसाठीं जाळें विणीतच नाहीं. तो झुरळें धरून आपला चरितार्थ चालवितो, आणि त्याची मादी नाण्यासारखी चपटी अंड्यांची पिशवी पोटाखालीं धरून वावरते. खिडकीच्या चौकटीवर उन्हांत हिंडणारा, नखाएवढा, मध्येंच थबकून वळून आपल्याकडे पाहणारा तो तिसरा. त्याच्या आठ डोळ्यांपैकीं पुढचे दोन मोठे डोळे खरोखरच पाहणारे आहेत; आणि माशीवर उडी घालण्यापूर्वीं तो पायाखालच्या भिंतीला धागा चिकटवून घेतो, म्हणजे उडी चुकली तरी लोंबकळत परत येतां यावें. चौथा म्हणजे ज्याचें चित्र मुलें काढतात तो, चाकासारखें जाळें विणणारा. हा घराच्या आंत क्वचितच राहतो. वळचणीला, तुळशीवृंदावनाजवळ, जिन्याच्या दिव्यापाशीं संध्याकाळीं तो जाळें बांधतो, व त्याच्या कित्येक जाति पहांटे तें गुंडाळून खाऊनही टाकतात. गंमत अशी कीं, वाङ्मयांत वावरणारा कोळी जवळजवळ सर्वत्र हा चौथाच आहे. म्हणजे चौघांत जो आपल्या घरांत सर्वांत कमी असतो तो.

अमरकोशानें कोळ्याला लूता, तंतुवाय, ऊर्णनाभ व मर्कटक अशीं चार नांवें दिलीं आहेत. त्यांतील दुसरें सरळ विणकराचें नांव आहे व तिसऱ्यांत नाभीपासून निघणारी लोंकर आहे. इंग्रजी नांवही सूत कातण्यावरूनच आलेलें. मराठींत मात्र हा प्राणी व मासे धरणारा मनुष्य या दोघांना एकच शब्द आहे. हा फरक शब्दापुरता नाहीं. विणकर वस्त्र विणतो व तें दुसऱ्यास देतो. मासे धरणारा जाळें टाकतो व वाट पाहतो. जाळ्याच्या मध्यावर आठही पाय धाग्यांवर ठेवून तासन्‌तास निश्चल बसलेल्या प्राण्याचें वर्णन करावयाचें तर दुसरी उपमा अधिक खरी आहे, असें आम्हांस वाटतें. पण वाङ्मयानें पहिलीच उचलली, आणि पुढील बऱ्याच घोटाळ्याचें मूळ तेथें आहे.

उपनिषदांतील कोळी सर्वांना ठाऊक आहे. निदान प्रवचनांतून ऐकून तरी ठाऊक आहे. परंतु प्रवचनकार ज्याला एक दृष्टांत समजतात ते वस्तुतः तीन आहेत. मुंडकांतील कोळी धागा बाहेर टाकतो व पुन्हां आंत घेतो, तसें अक्षरापासून विश्व होतें. बृहदारण्यकांतील कोळी आपल्याच धाग्यावरून चालत जातो. श्वेताश्वतरांतील देव कोळ्याप्रमाणें धाग्यांनीं स्वतःलाच झांकून घेतो. या तीन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि तिन्ही पाहिलेल्या आहेत. धाग्यावरून चढणारा कोळी कोणीही पाहील. स्वतःस झांकून घेणारा पाहावयाचा असेल तर खिडकीच्या फटींत किंवा भिंतीच्या सांध्यांत असलेली ती पांढरी, कागदासारखी लहान पिशवी हलक्या हातानें पाहावी. उडी मारणारा कोळी रात्रीं तींतच निजलेला असतो, व कात टाकावयाची वेळ आली म्हणजेही तो तींत शिरून दार बंद करून घेतो. राहिली धागा आंत घेण्याची गोष्ट. ही कित्येकांस केवळ तत्त्वज्ञानाच्या सोयीसाठीं जुळवलेली वाटते, कारण दृष्टांतास सृष्टीबरोबर प्रलयही हवाच होता. पण जाळें खाऊन टाकणारा कोळी खरोखरच आहे हें वर आलेंच. १९७१ सालीं पीकॉल या संशोधकानें किरणोत्सर्गी द्रव्याची खूण केलेलें जाळें कोळ्यास खाऊं दिलें, तेव्हां त्या जुन्या जाळ्यांतील द्रव्याचा बहुतांश अर्ध्या तासाच्या आंत नव्या धाग्यांत उतरलेला आढळला. मुंडककारास हें द्रव्यगणित ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण पहांटेच्या वेळीं वळचणीकडे पाहणारा कोणीतरी त्या परंपरेंत होता, एवढें आम्ही निःशंकपणें म्हणतों.

याहून मनोरंजक भाग पुढें आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत, साधनांवांचून ब्रह्म जगत् कसें निर्माण करील, या प्रश्नावर भाष्य करितांना शंकराचार्य देवादिकांबरोबर कोळी, बगळी व कमलिनी यांना पुढें करितात: कोळी आपण होऊनच धागे निर्माण करितो, बगळी नरावांचून गर्भ धारण करिते, कमलिनी कोणत्याही वाहनावांचून एका तळ्यांतून दुसऱ्या तळ्यांत जाते. लगेच आचार्य प्रतिपक्षाच्या तोंडून आक्षेप वदवितात कीं, हें तर खरें नाहीं. कोळी बारीकसारीक जंतु खातो, त्यामुळें त्याची लाळ कठिण होऊन तिचा धागा बनतो. बगळी मेघगर्जना ऐकून गर्भ धारण करिते, इत्यादि. बगळीच्या बाबतींत दोन्ही पक्ष सारखेच आंधळे आहेत. पण कोळ्याच्या बाबतींत आक्षेपकानें जें सांगितलें त्याचें महत्त्व कोणी फारसें ओळखलेलें दिसत नाहीं. धागा लाळेचा नसतो, पोटाच्या टोकाशीं असलेल्या सूक्ष्म नळ्यांतून येतो. त्या अर्थानें ‘ऊर्णनाभ’ हें जुनें नांवच सत्याच्या अधिक जवळ आहे. तथापि धागा हा शून्यांतून निघत नसून खाल्लेल्या किड्यापासूनच होतो, हा आक्षेपकाचा मुख्य मुद्दा अगदीं बरोबर आहे. आचार्यांचें उत्तर असें कीं, कुंभाराच्या दृष्टांताहून हा दृष्टांत वेगळा आहे एवढेंच आम्हांस दाखवावयाचें होतें. तत्त्वज्ञ म्हणून तें उत्तर पुरेसें आहे. पण घरांतील कोळ्याची बाजू त्या वादांत प्रतिपक्षानें मांडली, हें नमूद करून ठेवण्यासारखें आहे.

कारण हाच प्रश्न पुढें हजारएक वर्षांनीं यूरोपांत निघाला, आणि तेथें तो आक्षेपक कोणास भेटला नाहीं. १६२० सालच्या ग्रंथांत बेकननें केवळ तर्कावर इमारती उभारणाऱ्यांस कोळी म्हटलें, नुसते अनुभव सांठविणाऱ्यांस मुंग्या, व बाहेरून रस घेऊन तो आंत पचविणाऱ्या मधमाशीस खऱ्या तत्त्वज्ञाची जागा दिली. १७०४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्विफ्टच्या ‘ग्रंथांच्या लढाईं’त कोळी व मधमाशी यांचें भांडण आहे, तेथें कोळी हा आधुनिकांचा प्रतिनिधि, आपल्या आंतड्यांतून घाण काढून तिचाच वाडा बांधणारा, आणि मधमाशी ही प्राचीनांची. विनोद म्हणून तो प्रसंग अप्रतिम आहे, व स्विफ्टच्या गद्याची धार त्यांत पुरेपूर आहे. मौज एवढीच कीं, जो गुण उपनिषदांत ब्रह्माचा महिमा ठरला तोच येथें शिवी ठरला. आणि दोन्हींचा पाया एकच, कोळी सर्व कांहीं स्वतःपासून काढतो हा. वस्तुतः कोळीही मधमाशीइतकाच बाहेरून घेतो. मधमाशी फुलावर जाते. तो फुलावर जाणाऱ्यांची वाट पाहतो, इतकेंच.

वैद्यकाचा कोळी या सर्वांहून भयंकर. सुश्रुतानें कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायांत लूतांचे सोळा प्रकार सांगून आठ कष्टसाध्य व आठ असाध्य ठरविले आहेत, आणि त्यांची उत्पत्ति क्रुद्ध वसिष्ठाच्या घर्मबिंदूंपासून, गायीसाठीं कापून ठेवलेल्या गवतावर, झाली असें म्हटलें आहे. कथा म्हणून ती सुंदर आहे. पण तिची सांवली अजून आपल्या घरांत आहे. सकाळीं मानेवर किंवा हातावर लालभडक पट्टा उठून त्यावर फोड आले कीं, रात्रीं अंगावरून कोळी गेला, असा निकाल घरोघर दिला जातो. पावसाळ्यांत व नंतर दिव्यावर एक बारीक, तांबूस-काळा, मुंगीसारखा लांबट भुंगा येतो. तो अंगावर चिरडला गेला म्हणजे त्याच्या रक्तांतील विष त्वचेला लागून नेमकी अशीच जळजळ होते. शिक्षा मात्र छताला लटकलेल्याला. आपल्या घरांत नित्य आढळणाऱ्या कोळ्यांपासून मनुष्यास म्हणण्यासारखा अपाय होत नाहीं. ही गोष्ट येथें सांगण्याचें कारण वैद्यकीय नसून वाङ्मयीन आहे: ज्याची आपणांस भीति वाटते त्याच्याविषयीं आपण रूपकें पुष्कळ करितों, पण त्याच्याजवळ थांबत नाहीं.

शाळेंतील रॉबर्ट ब्रूसची गोष्ट आम्ही एका वाक्यांत संपविली असती, परंतु तिनें पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांस कोळी दाखविला आहे. ती वॉल्टर स्कॉटच्या १८२८ सालच्या आजोबांच्या गोष्टींनीं सर्वत्र पसरली. सुमारें १३७५ च्या बार्बरच्या ‘ब्रूस’ काव्यांत कोळी नाहीं. सहा वेळां हुकून सातव्या वेळीं एका तुळईवरून दुसरीवर धागा नेणारा हा कोळी म्हणजे चिकाटीचा धडा. त्याला कोळी असण्याची गरज नाहीं, मुंगी चालली असती, व कित्येक पुस्तकांत ती चाललीही आहे. चाकासारखें जाळें बांधणारा कोळी पहिला धागा झोंके घेऊन नेत नाहीं. तो हलक्या वाऱ्यावर धागा सोडीत बसतो, व पलीकडे तो कशाला तरी चिकटला म्हणजे ताणून घेतो. १८६८ सालीं व्हिटमननें लिहिलेल्या लहानशा कवितेंतील कोळी नेमकें हेंच करितो. त्या कवितेचा उत्तरार्ध आत्म्याविषयीं आहे व पूर्वार्ध कोळ्याविषयीं. आणि पूर्वार्ध खरा असल्यामुळें उत्तरार्धास जोर आला आहे. ही तुलना आमच्या म्हणण्यास पुरेशी आहे.

आतां ज्यांनीं खरोखर पाहिलें त्यांच्याकडे वळूं. फ्रेंच ग्रंथकार फाब्र याचें नांव कीटकांचा चरित्रकार म्हणून प्रसिद्ध आहे. १८७९ सालीं सेरिन्यां गांवीं त्यानें एक खडकाळ, ओसाड मळा घेतला, आणि १८७९ पासून १९०७ पर्यंत दहा खंडांत आपल्या कीटकस्मृति प्रसिद्ध केल्या. त्यांतील कोळ्यांचीं प्रकरणें १९१२ सालीं इंग्रजींत एकत्र आलीं. त्याची पद्धत साधी होती: कुंडींत माती, वर तारेच्या जाळीचा घुमट, आणि समोर खुर्ची. जाळ्यांत मेलेला टोळ ठेवला तर मध्यावर बसलेला कोळी हलत नाहीं. गवताच्या काडीनें तोच टोळ हलविला कीं धांवतो. तांबड्या लोंकरीचा गोळा हलविला तरीही धांवतो, व चावून पाहिल्यावर टाकून देतो. एवढ्या दोन प्रयोगांनीं फाब्रनें त्या प्राण्याच्या जगाचें दार उघडलें. त्याला आपलें जाळें दिसत नाहीं. तें त्याला पायांस कळतें. आपण ज्याला जाळें म्हणतों तें त्याचें कान, डोळे व हात मिळून झालेलें एक इंद्रिय आहे. शास्त्राच्या कित्येक पोथ्यांत हें मिळेल, पण खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या धीरासकट तें फाब्रमध्येंच मिळतें.

तरीही फाब्रविषयीं आमची एक तक्रार आहे. नार्बोन येथील बिळांत राहणाऱ्या मोठ्या कोळ्याची मादी अंड्यांची पिशवी मागें बांधून फिरते व ती काढून घेऊं लागल्यास चिमट्याशीं झगडते. फाब्रनें ती काढून घेतली व तिच्या जागीं बुचाची गुळगुळीत गोळी दिली; मादीनें ती स्वीकारली, मागें बांधली व तितक्याच प्रेमानें वाहिली. पुढें एका मादीचीं पिलें दुसरीच्या अंगावर सोडलीं तर तींही सुखानें चढलीं. येथवर प्रयोग उत्तम. पण यावरून फाब्र मादीच्या मूर्खपणावर हंसतो व आंधळ्या प्रेरणेवर व्याख्यान देतो. बुचाच्या गोळ्या ज्या रानांत पडत नाहींत त्या रानांत, पोटामागें बांधलेली गोल व हलकी वस्तु आपलीच पिशवी आहे असें धरून चालणें यांत मूर्खपणा कोणता? लबाडी मनुष्यानें करावयाची आणि फसलेल्याची बुद्धि मोजावयाची, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. फाब्रची नजर निर्मळ आहे, पण नजरेमागें एक शाळामास्तर बसलेला आहे, आणि तो परीक्षेंत सर्वांना नापास करितो. सुदैवानें मास्तर बोलूं लागला म्हणजे पान उलटतां येतें.

दुसरा ग्रंथ मुलांसाठीं लिहिलेला आहे, आणि आमच्या मतें या विषयावरील ललित वाङ्मयांत त्याला तोड नाहीं. ई. बी. व्हाइट या अमेरिकन निबंधकाराचें ‘शार्लट्स वेब’ १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. व्हाइट मेन संस्थानांतील आपल्या शेतघरीं राहत असे. त्याचा १९४८ सालचा एक निबंध आजारी डुकराच्या मरणावर आहे. पुढें कत्तल करावयाची म्हणून पाळलेलें जनावर मरूं लागलें असतां धनी रात्रंदिवस त्याच्या उशाशीं बसतो, या विसंगतीनें तो निबंध अस्वस्थ करून सोडतो. त्यानंतर गोठ्यांतील एका मोठ्या करड्या कोळ्याकडे त्याचें लक्ष गेलें. तिनें अंड्यांची पिशवी बांधली, ती त्यानें कापून खाऊच्या डब्यांत ठेवून न्यूयॉर्कला नेली, व झोपण्याच्या खोलींतील कपाटावर डबा ठेवून दिला. कांहीं आठवड्यांनीं डब्याच्या भोकांतून शेंकडों पिलें बाहेर आलीं आणि त्यांनीं त्याचा केंसांचा ब्रश, आरसा व नखें कापावयाची कात्री यांना दोऱ्या बांधल्या. हें सर्व व्हाइटनेंच लिहून ठेवलें आहे. नंतर त्यानें कोळ्यांवरील ग्रंथ वाचले, संग्रहालयांतील तज्ज्ञास विचारलें, व आपण ठेवलेलें नांव दुसऱ्याच जातीचें आहे असें कळतांच तें बदललें. नायिकेचें आडनांव कॅव्हॅटिका पडलें तें असें. गोठ्यांत राहणाऱ्या त्या जातीचें तें शास्त्रीय नांवच आहे. लेखन पुरें झाल्यावर तें वर्षभर बाजूस ठेवून त्यानें पुन्हां लिहिलें.

कथा थोडक्यांत अशी कीं, विल्बर नांवाचें डुकराचें पिलूं हिवाळ्यांत मारलें जाणार असतें, आणि दाराच्या चौकटींत राहणारी शार्लट आपल्या जाळ्यांत त्याच्या स्तुतीचे शब्द विणून लोकांना थक्क करिते व त्याचा जीव वांचविते. लिहिणारा कोळी ही उघड असत्य गोष्ट आहे. पण सबंध पुस्तकांत शार्लटविषयीं बोलण्याची व लिहिण्याची हीच एक असत्य गोष्ट आहे, हें वाचकानें ताडून पाहावें. तिला दूरचें नीट दिसत नाहीं, असें ती पहिल्याच भेटींत सांगते. जाळ्यांत सांपडलेल्या माशीस ती गुंडाळते, दंश करून बधिर करिते, व आपण रक्त पितों हें लपवीत नाहीं. विल्बर शहारतो तरीही लपवीत नाहीं. आपल्या पायाचे सात भाग ती नांवांनिशीं मोजून दाखविते. शरद ऋतूंत ती पांचशेंचौदा अंडीं घालते व जत्रेच्या ओसाड पडलेल्या मैदानांत एकटी मरते. वसंतांत पिलें आपापला धागा वाऱ्यावर सोडून उडून जातात, आणि विल्बर आक्रोश करीत राहतो. यांतील एकही गोष्ट व्हाइटनें मुलांसाठीं गोड केलेली नाहीं. चित्रकार विल्यम्स यानें कोळ्याला स्त्रीचा चेहरा देऊन पाहिला. व्हाइटनें तो नाकारला, व अखेर जवळजवळ बिनचेहऱ्याचीच शार्लट छापली गेली. त्या एका नकाराचें मोल, आमच्या मुलांच्या पुस्तकांतील पापण्या फडफडविणारे मुंगळे व टोपी घातलेले बेडूक पाहिले म्हणजे, ध्यानांत येतें.

पुस्तकांतील एक डॉक्टर, जाळ्यांतील अक्षरांचें आश्चर्य सांगावयास आलेल्या बाईस विचारतो कीं, अक्षरें नसलेल्या जाळ्याचें आश्चर्य कोणासच कसें वाटलें नाहीं? पुस्तकाचें मर्म या एका प्रश्नांत आहे, आणि तो एका दुय्यम पात्राच्या तोंडीं जातां जातां घालण्यांत व्हाइटची कलाबुद्धि दिसते. आमची हरकत दुसऱ्या एका स्थळीं आहे. रक्तपानाबद्दल शार्लट आपला बचाव करिते, तो असा कीं, कोळी नसते तर किड्यांनीं जग व्यापून टाकलें असतें. हें खरें असेलही. पण तिच्या तोंडीं तें शोभत नाहीं. आपणही घरांतील कोळ्याची रदबदली नेमकी याच शब्दांत करितों: राहूं द्या, झुरळें खातो, डांस धरतो. भाडें देणाऱ्यासच बिऱ्हाड द्यावयाचें, हा हिशेबी बाणा त्यांत आहे. मी अशीच जन्मलें, एवढें उत्तर तिनें तेथेंच दिलें आहे. त्यावर थांबली असती तर बरें झालें असतें. फर्न या मुलीचीं प्रकरणें त्यानें मागाहून घातलीं, हेंही जाणवतें. जत्रा आली कीं ती पाळण्यांत बसावयास निघून जाते, व गोठ्याचें जग तिच्यावांचून पूर्ण असल्याचें लक्षांत येतें.

मराठींत प्राण्यांविषयीं उत्तम लिहिलें गेलें आहे. व्यंकटेश माडगूळकरांचें ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांविषयीं आहे, आणि त्यांत मनुष्याचा उपदेश वानरांच्या तोंडीं घातलेला नाहीं. मारुति चितमपल्ली यांनीं अरण्याचे शब्दच मराठींत आणले. पण हे लेखक आम्हांस घराबाहेर नेतात. छत, न्हाणीघर, वळचण, माळा या प्रदेशांत मराठी ललित लेखक क्वचितच शिरतो, व शिरला तर जळमट हें उपेक्षेचें किंवा गतवैभवाचें चिन्ह म्हणून वापरून बाहेर पडतो. पडक्या वाड्याच्या प्रत्येक वर्णनांत जळमटें असतात. ज्याचीं तीं आहेत तो कोठेंच नसतो.

व्हाइटचें पुस्तक मराठींत आणूं पाहणाऱ्यास दोन अडचणी येतील. जाळ्यांतील पहिली स्तुति ही डुकराचीच स्तुति आहे, आणि मराठींत तो शब्द शिवीच्या इतका जवळ आहे कीं, मूल पहिल्याच पानाला हंसेल. ती अडचण कथाच निभावून नेईल. दुसरी अधिक कठीण आहे. आमचा ‘कोळी’ पुल्लिंगी. चाकासारख्या जाळ्याच्या मध्यावर बसलेली बहुतेक वेळां मादी असते, आणि प्रौढ नर जाळें सोडून तिच्या शोधांत हिंडत असतो. ‘कोळीण’ म्हटलें कीं डोक्यावर पाटी घेतलेली मासळीवाली उभी राहते. ‘मादी कोळी’ हें प्राणिशास्त्राच्या वर्गांतलें. आमच्या मतें भाषांतरकारानें धीर करून ‘कोळी’ याच शब्दास स्त्रीलिंगी क्रियापद जोडावें, ‘ती कोळी आली, ती कोळी बोलली’ असें. चारपांच पानांत वाचकाच्या कानास त्याची संवय होईल, आणि जिन्याच्या दिव्यापाशीं संध्याकाळीं जी जाळें बांधीत असते तिच्याविषयीं निदान व्याकरण तरी खरें होईल.